परसातल्या कोंबड्या आणि मुंगूस-कुत्र्यांचा बंदोबस्त (नागपूर, काळी माती): जाळी, पाया, दार यावर चर्चा

गावरान_अंडं · १२ फेब्रुवारी, रात्री ९:०५

नमस्कार मंडळी. जागा बेसा-पिपळा भागातली, घरामागे १० बाय ८ फूट. मागे नाला, नाल्यापलीकडे झुडपं. जमीन काळी. पक्षी दहा, त्यात एक कोंबडा. सध्या बांबूला षटकोनी चिकन जाळी बांधलेली आहे. भटकी कुत्री आहेत, मुंगूस आहे, घार तर दिवसभर वर फिरतच असते.

विचारायचं असं: जाळी कोणती आणि किती गेजची? खालून उकरून येणाऱ्याला कसं अडवायचं? आणि पारा ४५ च्या वर गेला की बंदोबस्ताच्या नादात कोंबड्या आतच शिजू नयेत, त्याचं काय? काम एप्रिलच्या आत संपवायचं आहे.

तर्रीपोहे · १२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

जाळी घ्यायला निघण्याआधी कोण येतं ते ओळखा. प्रत्येकाची वाट वेगळी आणि वेळही वेगळी.

मुंगूस दिवसा येतं, हे बहुतेकांच्या लक्षातच नसतं. रात्री दडबं कडेकोट आणि दिवसा दार सताड उघडं, अशा ठिकाणी त्याचं फावतं. मान किंवा गळा धरतं, आणि आत अडचणीत सापडलं तर एकामागून एक तीन-चार मारून एखादीच ओढून नेतं. कुत्र्याचं काम धसमुसळं. पिसं चहूकडे, जाळी वाकलेली किंवा फाटलेली, मेलेल्या कोंबड्या बहुधा न खाता तिथेच पडलेल्या. रानमांजर गुपचूप एक अख्खी कोंबडी उचलतं, मागे चार पिसं राहतात. उदमांजर रात्री येतं आणि वरून येतं, झाडावरून पत्र्यावर आणि पत्र्याखालच्या फटीतून आत.

अंडं टरफलासकट गायब म्हणजे सापाकडे संशय. पिल्लू मेलेलं, पण डोकं-मान ओली, चिकट आणि अंग शाबूत, म्हणजे सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडलं. पिल्लाचा पाय कुरतडलेला आणि कोपऱ्यात ताजी माती म्हणजे घूस. भर दिवसा पिल्लू नाहीसं आणि मागमूस नाही, तर घार, शिक्रा किंवा कावळा.

नाल्याकडच्या बाजूला रात्री बारीक चाळलेली माती किंवा चुना एक इंच पसरा. सकाळी पाऊलखुणा वाचता येतात. कुत्र्याच्या पंजात नखं उमटतात, मांजराच्या उमटत नाहीत.

जाळीवाले_काका · १२ फेब्रुवारी, रात्री १०:१५

षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवायला असते, कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही. तिची तार २२ किंवा २४ गेजची, म्हणजे ०.७ मिमी किंवा त्याहून बारीक. शिवाय ती पिळलेली असते, एक पीळ तुटला की शेजारचे सुटत जातात. मोठं कुत्रं दातात धरून झटका देतं आणि झालं काम.

वेल्डमेश घ्या, म्हणजे सांधे वेल्ड केलेली चौकोनी जाळी, जीआय (जस्त चढवलेली). खालच्या भागाला अर्धा इंच चौकोन, १८ गेज. वरच्या भागाला एक इंच चौकोन, १६ गेज पुरे, १४ मिळाली तर उत्तम. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. उलटं धरून बसलेले बरेच सापडतात.

इतवारीत लोहा ओळीत गेलात तर रोलच्या चिठ्ठीवर जाऊ नका, काट्यावर ठेवायला सांगा. ४ फूट रुंद, ५० फूट लांब रोल:
अर्धा इंच, १८ गेज: साधारण २७ किलो
अर्धा इंच, २० गेज: साधारण १५ किलो
एक इंच, १६ गेज: साधारण २४ किलो
एक इंच, १४ गेज: साधारण ३७ किलो

जस्ताच्या थराने किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. पण १८ म्हणून दिलेला रोल १६ किलो भरला तर तो १८ नाही, हे दुकानदारालाही माहीत असतं जी.

वेल्डर_हिंगणा · १३ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

काकांनी जाळी सांगितली, मी हिशेब सांगतो. परीघ ३६ फूट.

अर्धा इंचाचा ४ फुटी रोल मधोमध काटकोनात वाकवा. २ फूट भिंतीला वर, २ फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी. ही आडवी झालर म्हणजे उकरणाऱ्याचा खरा इलाज. जनावर भिंतीला चिकटूनच उकरायला लागतं, नखाला जाळी लागते, जागा बदलतं, पुन्हा भिंतीलाच चिकटतं. दोन फूट मागे सरून बोगदा करायचं त्याच्या डोक्यात येत नाही. ३६ फूट गेले, १४ उरले. झालर बाहेर वळते म्हणून चारही कोपऱ्यांत २ बाय २ चा चौकोन उघडा राहतो. त्यावर अडीच बाय अडीचचे चार तुकडे लावा. १० फूट गेले. उरलेले ४ फूट खुराड्याच्या झरोक्यांना.

एक इंचाचा रोल वरच्या ४ फुटांना. अडीच फूट दार सोडून साडेतेहेतीस फूट लागते, साडेसोळा उरते. त्यातून १० बाय ४ छताच्या अर्ध्या भागाला, आणि उरलेल्या साडेसहा फुटांत दाराची जाळी निघते. दोन रोलमध्ये काम बसतं.

खांब नऊ: चार कोपरे, चारही बाजूंच्या मध्ये एकेक, एक दाराचा. ३५×३५×५ मिमीचा लोखंडी अँगल, प्रत्येकी ८ फूट, २ फूट जमिनीत.

गावरान_अंडं · १३ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

हिशेब एकदम कामाचा. एक शंका. खाली २ आणि वर ४ मिळून बरोबर ६ फूट होतात. मग दोन जाळ्यांचा जोड एकमेकांवर चढणार कसा?

वेल्डर_हिंगणा · १३ फेब्रुवारी, सकाळी ८:५५

बरोबर पकडलं. उंची पावणेसहा फूट ठेवा, ३ इंच चढ मिळतो. २ फुटांवर २५×२५×३ चा आडवा अँगल सगळीकडून फिरवा आणि जोड त्याच्यावर घ्या. अधांतरी जोड नुसत्या तारेने शिवला तर कुत्रं तिथेच नाक खुपसतं.

जाळी अँगलला तारेने बांधू नका. २०×३ ची पट्टी वरून ठेवून दर ९ इंचाला नट-बोल्ट. वेल्डिंगचा टाका दिलात तर तिथलं जस्त जळतं आणि पहिल्या पावसाळ्यातच गंज सुरू, म्हणून टाक्यावर झिंकचा रंग लागलाच पाहिजे. लाकडी चौकट असेल तर पाऊण इंची यू-खिळे दर ४ इंचाला, वरून लाकडी पट्टी. बंदुकीतले स्टेपल चालत नाहीत, हाताने ओढले तरी निघतात.

पऱ्हाटीवाला · १३ फेब्रुवारी, दुपारी १:२०

झालरीपेक्षा दीड फूट खोल चर खणून जाळी सरळ खाली गाडलेली बरी ना? वर काही दिसत नाही, पायात अडकत नाही.

वेल्डर_हिंगणा · १३ फेब्रुवारी, दुपारी २:०५

मुरमाड जमीन असती तर हो म्हटलं असतं. काळ्या मातीत नको. मे महिन्यात ही माती फाटते, भेगेत हात जातो. चर पुन्हा त्याच मातीने भरला की भेग बरोबर जाळीच्या कडेनेच पडते, आणि घूस-मुंगसाला तयार रस्ता मिळतो. पावसात तीच माती फुगून जाळी आणि खांब दोन्ही ढकलते. चर करायचाच असेल तर काढलेली माती फेकून द्या आणि मुरूम ठोकून भरा.

खांबांचंही तेच. दोन फुटांवर काळी मातीच असेल तर मुरूम लागेपर्यंत खाली जा आणि खांब तेवढा लांब घ्या. काँक्रीट १:२:४ (सिमेंट, रेती, गिट्टी), खड्ड्याचं तोंड वर रुंद आणि खाली निमुळतं ठेवू नका, उलट तळ रुंद ठेवा. नाहीतर फुगलेली माती अख्खा गठ्ठा वर उचलते.

झालर अंथरताना गवत सोलून घ्या, जाळी जमिनीला चिकटली पाहिजे. ६ मिमी सळीचे एक फुटी आकडे दर २ फुटांवर, वरून ३ इंच मुरूम, आणि नाल्याच्या बाजूला फरशीचे तुकडे. उन्हाळ्यात माती आकसली की आकडे सैल होतात, म्हणून वजन हवंच. दोन-तीन पावसाळ्यांनी एका कोपऱ्यात मुरूम बाजूला करून गंज बघा. आधीच डांबरी रंगाचा हात दिलात तर जास्त टिकते.

कोराडी_रोड · १३ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४०

नाल्याकडच्या दहा फुटांना झालरीऐवजी विटांचं जोतं घ्या. राखेच्या विटा आपल्याकडे सहज मिळतात, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राखच राख आहे. एक फूट जमिनीत, एक फूट वर, नऊ इंची. घुशीला हेच भारी पडतं. पण जोत्याच्या डोक्यावर जाळी नुसती टेकवू नका, शेवटच्या दोन थरांमध्ये सिमेंटात दाबून घ्या.

नवतपा · १३ फेब्रुवारी, रात्री ८:१०

दाराबद्दल कोणी बोललंच नाही. सगळी तटबंदी उभी करायची आणि दाराला एक कडी लावायची, हे फार बघायला मिळतं.

दार बाहेर उघडणारं ठेवा. कुत्रं बाहेरून रेटतं, तेव्हा दार चौकटीवरच दाबलं जातं. आत उघडणारं असेल तर सगळा जोर एकट्या कडीवर. कड्या दोन: एक वर, एक खाली गुडघ्याच्या उंचीवर. एकच मधली कडी असली की खालचा कोपरा दाबल्यावर दार लवतं, दोन-तीन इंचाची फट पडते आणि मुंगसाला तेवढी पुष्कळ. बिजागऱ्या तीन. दाराच्या खालच्या २ फुटांना जाळीऐवजी पत्रा लावा, हिशेबात अर्धा इंची जाळी दाराला उरतही नाही.

उंबरठा काँक्रीटचा, ९ इंच खोल, जमिनीपासून ४ इंच वर. तिथली झालर त्या काँक्रीटमध्येच अडकवा. उंच उंबरठा दोन कारणांनी: पावसात फुगलेल्या मातीवर दार अडकत नाही, आणि दाराखालची फट कायम तेवढीच राहते. फट अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. मोजायला करंगळी घाला. सहज आत गेली तर फट जास्त.

गावरान_अंडं · १३ फेब्रुवारी, रात्री ८:३५

छान. आता आतलं खुराडं आणि ऊन?

नवतपा · १३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

बाहेरचं आवार कुत्रं आणि मुंगूस अडवणार. त्यामुळे आतलं खुराडं पेटीसारखं बंद करायची गरज उरत नाही. इथे माणसं चुकतात. उदमांजराच्या धास्तीने चारही बाजूंना प्लायवूड ठोकतात, आणि मे महिन्याच्या रात्री पत्र्याखाली हवा हलत नाही. मग कोंबड्या उदमांजराने नाही, उकाड्याने मरतात. पस्तिशीच्या पुढे कोंबडी चोच उघडून धापा टाकायला लागते. तिला घाम नसतो, वारा हाच तिचा आधार.

दहा पक्ष्यांना ४ बाय ३ फूट पुरे. पाय अडीच फूट उंच, म्हणजे खाली सावलीची जागाही मिळते. लांब बाजू पूर्व-पश्चिम, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन अरुंद बाजूवर पडतं. दोन्ही लांब बाजूंना वरचा दीड फूट पूर्ण उघडा, त्यावर उरलेली अर्धा इंची जाळी. ४ फूट बाय ४ फुटांच्या तुकड्यातून ४ बाय दीडचे दोन पट्टे निघतात. जाळी आतून ठोकू नका, बाहेरून ठोका, म्हणजे ढकलणारा चौकटीवर ढकलतो.

तळ फळ्यांचा, सलग. जाळीचा तळ स्वच्छ राहतो हे खरं, पण खालून घूस किंवा बोका पाय धरतो. फळ्यांवर धानाचं तूस ३ इंच. बसायची दांडी दोन इंच जाडीची, कडा गोल केलेल्या, प्रत्येकीला ८ इंच, म्हणजे दहांना पावणेसात फूट. साडेतीन-साडेतीन फुटांच्या दोन दांड्या, दोन्ही एकाच उंचीवर, नाहीतर वरच्या जागेसाठी रोज भांडणं. अंडी घालायला फूटभराचे दोन खण.

पत्र्यावर चुन्याचा हात आणि वर तुराट्या-पऱ्हाट्यांचा अर्धा फूट थर. नवतप्यात (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) पश्चिमेला ओलं बारदान टांगा, पण खालून एक वीत मोकळं सोडून. जूनअखेर बारदान काढून टाका. दमट हवेत ओलं कापड गारवा देत नाही, नुसती ओल वाढते आणि तुसात अमोनिया धरतो.

तर्रीपोहे · १३ फेब्रुवारी, रात्री ९:५५

खुराड्याच्या चारही पायांना पत्र्याची उलटी नाळकी (उलट्या नरसाळ्यासारखी) लावा, फूटभर उंच. उंदीर, घूस पायावरून चढत नाहीत. पण मग खुराडं जाळीला टेकवून ठेवू नका. टेकवलंत तर नाळकी शोभेची.

संत्र्याची_फोड · १४ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

वरून नायलॉनची नेट टाकली तर चालेल का? छताला पत्रा-जाळी दोन्ही कशाला?

जाळीवाले_काका · १४ फेब्रुवारी, सकाळी १०:००

नेट घारीला चालते. शिक्र्यालाही, जर कडेला फट नसेल. बोका आणि उदमांजर नेटवर चढतात आणि दाताने कापतात, वानर तर खेळत खेळत फाडतात. दिवसा कोणी घरी असेल तेव्हाच्या मोकळ्या आवाराला नेट ठीक. जिथे कोंबड्या रात्री राहणार तिथे नाही.

अर्धा भाग पत्रा घ्या, बाहेर एक फूट झेपेल असा ५ फुटी, चार पत्रे. पन्हळीच्या टोकाशी जी अर्धगोल भोकं राहतात ती विसरू नका. पाल, उंदीर, सापाचं पिल्लू तिथूनच. जाळीची पट्टी किंवा सिमेंट भरा.

कोंबडवैद्य · १४ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

दाणा-पाणी पत्र्याच्या भागाखालीच ठेवा, जाळीच्या भागाखाली नाही. रानपक्ष्यांची विष्ठा वरून पडते. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने दगावले. तेव्हा हा दूरचा प्रश्न समजू नका. अंगावर जखम नसलेल्या दोन-तीन कोंबड्या एकदम मेल्या तर मुंगसाच्या नावावर खपवू नका, चिरू नका, नाल्यात टाकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा जनावरांची हेल्पलाइन १९६२ लावा.

जखमी कोंबडी मुंगसाच्या तावडीतून सुटली तर बारीक दातांची भोकं वरून छोटी दिसतात, आत खोल असतात. जखमेभोवतीची पिसं कापा, मिठाच्या पाण्याने धुवा, वेगळी ठेवा. बाकीच्या रक्त बघून टोचतात.

पऱ्हाटीवाला · १४ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

सापासाठी आमच्याकडे कोपऱ्यात फिनाईलच्या गोळ्या टाकतात. लसूणही. आणि जाळीला सरळ करंट सोडला तर एकाच रात्रीत प्रश्न मिटतो म्हणतात.

तर्रीपोहे · १४ फेब्रुवारी, दुपारी १:१०

गोळ्यांनी साप हलत नाही, आणि कोंबडीने गोळी टोचली तर तिलाच विषबाधा. साप उंदरामागे येतो. उंदीर सांडलेल्या दाण्यामागे येतो. संध्याकाळी दाण्याचं भांडं उचला, साठा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. जाळीपासून तीन फूट गवत, विटांचा ढीग, लाकडं काही नको. अर्ध्या इंचातून मोठी धामण किंवा नाग येत नाही. अगदी लहान साप येऊ शकतो, पण आत काही गिळलं तर त्याच चौकोनातून बाहेर पडताना अडकतो. असा अडकलेला दिसला तर ओढू नका. सर्पमित्राला बोलवा, तो तार कापून काढतो.

वेल्डर_हिंगणा · १४ फेब्रुवारी, दुपारी १:३०

करंटचं मनातून काढा भाऊ. घरची २३० व्होल्टची लाइन कुंपणाला जोडणं हा गुन्हा आहे. विदर्भात शेताच्या असल्या तारांनी माणसं गेली आहेत, वाघ गेले आहेत. घरामागे तर पोरंसोरं खेळतात. शेतात चालते ती झटका मशीन वेगळी. ती सेकंदाला एखादा क्षणिक ठोका देते, सलग प्रवाह नाही. ती लावायचीच तर तयार मशीन, नीट अर्थिंग, पाटी, आणि तार जाळीपासून ४-५ इंच पुढे, जमिनीपासून ६ इंचावर. १० बाय ८ ला मला तरी तिची गरज दिसत नाही. शिवाय गवत तारेला लागलं की झटका जमिनीत जातो, म्हणजे दर आठवड्याला गवत कापणं आलं.

कोराडी_रोड · १४ फेब्रुवारी, दुपारी ३:००

मुंगूस, रानमांजर, उदमांजर, नाग, धामण ही सगळी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. फास, विष, पिंजऱ्यात धरून दुसरीकडे सोडणं, काहीच परवानगीशिवाय चालत नाही. थिमेट (विषारी कीटकनाशक) लावलेलं मांस टाकलं की आधी शेजारचं कुत्रं मरतं, मग ते खाणारी घार. आवारात वन्यप्राणी अडकला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. सेमिनरी हिल्सला उपचार केंद्रही आहे. गोरेवाडा, हिंगणा, काटोल रोडच्या कडेला राहणाऱ्यांना बिबट्याचाही विचार करावा लागतो. त्याला ही जाळी पुरत नाही, तिथे भिंतीचं खुराडं आणि लोखंडी दार.

गावरान_अंडं · १४ फेब्रुवारी, सायंकाळी ७:२०

सगळ्यांचे आभार. दोन रोल, नऊ खांब, नाल्याकडे जोतं, बाकी तीन बाजूंना झालर, दार बाहेर उघडणारं, खुराडं जाळीपासून सुटं. नाल्याकडची झालर वाचते तर तिथली १० फूट जाळी कुठे वापरू?

वेल्डर_हिंगणा · १४ फेब्रुवारी, सायंकाळी ७:४५

वाचणार म्हणजे आडवा २ फुटांचा पट्टाच, जोत्याच्या वर उभी जाळी लागेलच. तो १० बाय २ चा पट्टा पिल्लांच्या पिंजऱ्याला ठेवा. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत मोठ्या आवारातही वेगळ्या अर्धा इंची पिंजऱ्यात हवीत. एक इंचाच्या चौकोनातून पिल्लू डोकं बाहेर काढतं आणि कावळा तेवढ्याचीच वाट बघत असतो.

नवतपा · १४ फेब्रुवारी, रात्री ८:१५

संध्याकाळी दार लावायची वेळ घड्याळावर ठेवू नका. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. कोंबड्या दांडीवर बसल्या की पंधरा मिनिटांत मोजून खुराडं बंद. नऊ भरल्या तर दहावी आधी शोधा, बहुतेक वेळा ती झाडावर नाहीतर पत्र्यावर सापडते. तिथून घुबड किंवा उदमांजर तिला नेतं आणि दोष जाळीला लागतो.